पागोळ्यांच्या आतली जागा

प्रश्न : मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. रात्रीची जेवणे आटोपली की अर्धा-पाऊण तास फोनवर नव्या धाटणीच्या घरांचे आणि सुट्टीतल्या बंगल्यांचे फोटो बघत बसते. काचेच्या भिंती, समोर समुद्र नाहीतर दरी, आणि मधोमध एकच खुर्ची. त्या घरांत एक वेगळाच उजेड असतो. तो आमच्याकडे का येत नाही? आणि ही घरे प्रत्यक्षातही अशीच दिसतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो उजेड तुमच्याकडेही रोज येतो. फक्त पंधरा-वीस मिनिटे थांबतो, आणि नेमके तेव्हा आपण कुकर लावत असतो.

सूर्य बुडाला की आकाश लगेच काळे होत नाही, आधी गडद निळे होते. त्या थोड्या वेळात बाहेरचा उजेड आणि घरातल्या दिव्यांचा उजेड जवळपास एकाच तोलाचे असतात. भर दुपारी बाहेर एवढा लख्ख प्रकाश असतो की काच आरशासारखी चमकते, आतले काहीच दिसत नाही. रात्री आतले दिसते, पण बाहेर नुसता काळोख. कातरवेळी मात्र आतला पिवळा दिवा आणि बाहेरचे निळे आभाळ एकाच नजरेत मावतात, आणि घर आतून उजळलेल्या कंदिलासारखे दिसू लागते. घरांचे फोटो काढणारी माणसे दिवसभर तयारी करतात ती या वीस मिनिटांसाठी. उद्या संध्याकाळी दिवे लावून खाली उतरा आणि रस्त्यावरून आपल्याच खिडकीकडे बघा. मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

या जातीच्या फोटोंचा मूळपुरुष म्हणावा असा एक फोटो १९६० सालचा आहे. लॉस एंजेलिसच्या टेकडीवर पिअर कोनिग या वास्तुविशारदाने बांधलेले स्टाल हाऊस हे पोलाद आणि काचेचे घर. त्याचा एक कोपरा दरीवर पुढे आलेला. त्या कोपऱ्यात दोन तरुणी निवांत गप्पा मारत बसल्या आहेत आणि त्यांच्या पायाखाली शहराचे दिवे क्षितिजापर्यंत पसरलेत. फोटो ज्युलियस शुल्मनचा. घर तेव्हा पुरते झालेलेही नव्हते, आत धूळ होती. शहराचे दिवे फिल्मवर नीट उमटावेत म्हणून शुल्मनने घरातले दिवे बंद ठेवून कॅमेऱ्याचा पडदा सात मिनिटे उघडा ठेवला. तेवढा वेळ त्या दोघी अंधारात बसून होत्या. शेवटी फ्लॅशचा एक झोत टाकला आणि त्या फोटोत आल्या. आपण जो एक क्षण म्हणून बघतो, तो असा दोन वेगळ्या वेळा एकावर एक ठेवून तयार झाला आहे. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. त्या घरात राहणाऱ्याच्या मनात जे चित्र असते, ते एका चौकटीत आणायला त्याला सात मिनिटे लागली, इतकेच.

मात्र फोटोत काय येत नाही, हेही सांगायला हवे. पेनसिल्व्हेनियातले फॉलिंगवॉटर तुम्ही नक्की पाहिले असेल: झाडी, धबधबा आणि त्यावर तरंगणाऱ्या काँक्रीटच्या गच्च्या. पिट्सबर्गचे दुकानदार एडगर कॉफमन यांच्यासाठी फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये त्याचा आराखडा केला आणि १९३७ मध्ये मुख्य घर उभे राहिले. कॉफमन यांची अपेक्षा होती की घर धबधब्याच्या समोर असेल, खिडकीत बसून तो बघता येईल. राइट यांनी घर थेट धबधब्याच्या माथ्यावरच ठेवले. म्हणजे जो देखावा सगळ्या जगाला पाठ आहे, तो घरात राहणाऱ्याला दिसतच नाही. त्याला धबधबा ऐकू येतो, दिवसरात्र, प्रत्येक खोलीत. दिवाणखान्याच्या फरशीतून एक जिना थेट खाली ओढ्याच्या पाण्यापर्यंत जातो. रोज बघून देखावा शिळा होतो, कानाला मात्र पाणी सतत नवे राहते, हे राइट यांना समजले होते असे मला वाटते. (या गच्च्या पुढे इतक्या झुकल्या की टोकाला सुमारे १८ सेंटिमीटरचा झोल पडला, आणि २००२ मध्ये आत पोलादी दोर ताणून त्या सावराव्या लागल्या. घर गळायचेही. तरीही मला ते घर फार आवडते.)

तेव्हा घरे फोटोसारखी दिसतात का? दिवसातून वीस मिनिटे दिसतात. उरलेल्या वेळात त्यांचा आवाज, वास, गारवा काय आहे, ते फोटोला विचारून कळत नाही.

प्रश्न : डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये जे पोहण्याचे तलाव असतात, त्यांना पलीकडची कड नसतेच का? पाणी खाली का सांडत नाही?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : पाणी सांडते. सतत सांडते, आणि सारी करामत त्यातच आहे.

दरीकडची भिंत बाकीच्या तिन्ही भिंतींपेक्षा किंचित बुटकी ठेवतात. तलाव काठोकाठ भरला की तिच्यावरून पाण्याचा पातळ पदर ओसंडत राहतो, म्हणून भिंतीचा माथा पाण्याखाली झाकला जातो. पलीकडे, खालच्या अंगाला एक लांबट कुंड असते. ओसंडलेले पाणी त्यात जमते, तिथून गाळून पंपाने परत वर येते. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीजवळ असल्यामुळे ते कुंड दिसत नाही, आणि तलावाचे पाणी थेट समोरच्या आभाळाला भिडल्यासारखे वाटते. तळाला गडद फरशी घातली की आभाळ अधिक स्वच्छ उमटते.

अवघड काम आहे ते ती कड सपाट ठेवण्याचे. साठ फूट लांबीची भिंत असेल तरी माथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन मिलिमीटरच्या आत समपातळीत हवा, नाहीतर पाणी एकाच बाजूने वाहते आणि उरलेली भिंत कोरडी, उघडी पडते. आपले गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात, तेच तत्त्व इथे डोळ्यांत तेल घालून पाळावे लागते. दुसरी गोष्ट खालच्या कुंडाची. दहा जण एकदम पाण्यात उतरले की तेवढे पाणी बाहेर ढकलले जाते. कुंड लहान असेल तर ते पाणी वाहून जाते, आणि दहाही जण बाहेर आले की तलावाची पातळी घसरून भिंत डोके वर काढते. पंप बंद केला तर तो चार भिंतींचा साधा हौद.

या प्रकारातला मला सर्वांत आवडणारा तलाव श्रीलंकेत दांबुल्लाजवळच्या कंदलामा हॉटेलात आहे. वास्तुविशारद जेफ्री बावा यांचे हे हॉटेल १९९४ मध्ये उभे राहिले. जवळजवळ एक किलोमीटर लांब, डोंगराच्या कडेने वळणे घेत गेलेले, आणि आता वेलींनी इतके झाकलेले की लांबून डोंगर कुठे संपतो आणि इमारत कुठे सुरू होते ते ओळखू येत नाही. पोहण्याच्या तलावापलीकडे खाली कंदलामाचे मोठे धरण-तळे पसरले आहे आणि दूर सिगिरियाचा खडक. वरचे पाणी खालच्या पाण्याला मिळाल्यासारखे दिसते. पलीकडे जोडण्याजोगे काही असेल तरच कड पुसण्यात अर्थ आहे. हल्ली कंपाउंडच्या भिंतीसमोर बांधलेले असले तलाव दिसतात तेव्हा वाईट वाटते. तिथे पाणी कुणाला भेटायला निघाले आहे, हेच कळत नाही.

प्रश्न : अलिबागच्या बाजूला समुद्राजवळ आमची नऊ गुंठे जागा आहे. तिथे सुट्टीसाठी घर बांधायचे आहे. मुलांनी नेटवरचे बरेच आराखडे काढून ठेवलेत. सगळ्यांत समुद्राकडची भिंत पूर्ण काचेची आणि छप्पर सपाट. काही जाणकार म्हणतात की हे आपल्याकडे चालणार नाही. तुमचे मत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मुलांना समुद्र घरात हवा आहे, आणि ती इच्छा फार चांगली आहे. ती मोडू नका. पण काच कुठे असावी, यावर थोडे थांबून विचार करू.

आपल्या किनाऱ्याची एक अडचण नेटवरच्या फोटोंत दिसणार नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळचे तापलेले ऊन पश्चिमेकडूनच येते, आणि जून ते सप्टेंबर वाऱ्यावर बसून पाऊस येतो तोही नैर्ऋत्येकडून. देखावा, ऊन आणि झड, तिन्ही एकाच दारातून आत येतात.

उन्हाचे गणित बघा. डिसेंबरात भर दुपारी तुमच्या जागेवर सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर तीन फुटांची पडवी काढली तर ती सव्वातीन फूट सावली देते. एप्रिलात संध्याकाळी पाचला सूर्य २६ अंशांपर्यंत उतरलेला असतो. तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर तेवढीच पडवी जेमतेम दीड फूट सावली देते. बाकीचे ऊन थेट आत. काच उजेडाला आत येऊ देते, पण त्या उजेडाने फरशी आणि सोफा तापल्यावर त्यांतून निघणारी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग एसी आला, दारे बंद झाली, आणि ज्या समुद्राच्या वाऱ्यासाठी जागा घेतली तो काचेच्या पलीकडे राहिला.

पावसाचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. मागच्या वर्षी जुलैत आम्ही त्याच बाजूला एक बंगला तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला होता. दिवाणखान्याची समुद्राकडची भिंत म्हणजे अठरा फूट रुंदीची स्लायडिंग काच. दुसऱ्या रात्री वारा सुटला. काचेच्या खालच्या रुळात पाणी भरायला लागले, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी ते खोबणीतून आत उडायचे. तिथला केअरटेकर एका कोपऱ्यातून गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलांची थप्पी घेऊन आला. एक टॉवेल रुळाला लावायचा, भिजला की बादलीत पिळायचा, दुसरा लावायचा. त्याचे हात इतक्या सवयीने चालले होते की दरवर्षी हेच होते, हे विचारावे लागले नाही. सोफा त्याने आधीच भिंतीपासून चार फूट मागे ओढून ठेवला होता. फरशीवर सोफ्याच्या पायांचे जुने डाग होते.

सकाळी उघाड मिळाली तेव्हा मी शेजारच्या वाडीतल्या जुन्या कौलारू घरापर्यंत गेलो. जांभ्या चिऱ्याच्या जोत्यावर तांबड्या चिखलाची एक सरळ रेघ उमटलेली होती. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथून माती उडून जिथवर पोचते, तिथवर. ती गुडघ्याखालीच थांबली होती. वरची भिंत कोरडी. पागोळ्यांची ओळ आणि भिंत यांच्यात सात-आठ फुटांची पडवी, तिच्यात झोपाळा, वाळत घातलेले कपडे, आणि पायलीभर सुकी सुपारी. रात्रभर आम्ही टॉवेल पिळत होतो तेव्हा इथे कुणीतरी दार उघडे ठेवून पाऊस बघत बसले असेल.

माझे मत त्या रेघेपाशी पक्के झाले. मोठी काच जरूर घ्या, पण ती घराच्या बाहेरच्या अंगाला नको. पश्चिमेला आठ-दहा फूट खोल पडवी काढा, तिच्यावर उतरते छप्पर आणा, आणि त्याच्या आत काच बसवा. समुद्र तेवढाच दिसेल. खरे म्हणजे जास्त वेळ दिसेल, कारण पावसात काच उघडी ठेवता येईल. पडवीच्या बाहेरच्या कडेला बांबूची किंवा लाकडी झडप असेल तर संध्याकाळचे तिरपे ऊन तिथेच अडेल.

हे जुन्या काळचे म्हणून सांगत नाही. आधुनिक वास्तुकलेत आपल्याकडे जे उत्तम झाले आहे, त्यात अनेकांनी हेच केले. मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा ही २८ मजल्यांची इमारत बघा. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. फ्लॅटना दोन्ही देखावे हवेत, आणि पश्चिमेकडून ऊन-पाऊसही येणार. कोरिया यांनी प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बागेची गच्ची कोरली आणि खोल्या तिच्या मागे घेतल्या. जुन्या बंगल्याची पडवी उचलून आभाळात नेली, असेच मी ते समजतो.

तुमच्या जागेच्या सर्वांत जवळचे उदाहरण नांदगावचे आहे. तिथल्या नारळीच्या वाडीत स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी २००७ मध्ये पाल्मायरा हाऊस बांधले. दोन लांबट, लाकडी पेट्यांसारख्या वास्तू, थोड्या मागेपुढे ठेवलेल्या, मध्ये पाण्याचा तलाव. सांगाडा ऐन लाकडाचा. आणि भिंती म्हणजे ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या कठीण भागापासून केलेल्या आडव्या पट्ट्या, एकापुढे एक, मध्ये फट. वारा त्यांतून गाळून येतो. उजेड तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि फरशीवर सरकत राहतो. त्या घराचे जितके फोटो पाहिलेत तितक्यांत मला तुमच्या-माझ्या ओळखीची एक गोष्ट दिसते: दुपारच्या झोपेची खोली. आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत ते घर होते. आपल्याच सुतारांच्या हातातले कौशल्य त्यात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

सगळीकडून काच लावून राहता येत नाही का? येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. इलिनॉयमध्ये फॉक्स नदीच्या काठी मीस व्हान डेर रोह यांनी डॉक्टर इडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी सुट्टीचे घर बांधले, १९५१ मध्ये ते पुरे झाले. पांढऱ्या पोलादी खांबांवर जमिनीपासून सव्वापाच फूट उंच तोललेली काचेची एकच खोली. विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर घरांत त्याची गणना होते, आणि ती योग्य आहे. पण त्यात उघडणाऱ्या खिडक्या नावापुरत्याच होत्या, उन्हाळ्यात ते तापायचे, आणि डासांमुळे बाहेरच्या ओट्याला जाळी बसवावी लागली. नदीचा पूर १९५४ मध्येच आत शिरला. मालकीण आणि वास्तुविशारद यांच्यातला वाद कोर्टात गेला. तिथल्या हवेत ही गत, मग जुलैतल्या अलिबागेत काय होईल?

तीन गोष्टी थोडक्यात. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, म्हणून आराखड्याआधी ते तपासून घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या दोन-तीन पावसाळ्यांत गंजून अडकतात, तिथे पितळ किंवा चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरा. आणि जागेवरचे नारळ, आंबे, उंडी शक्यतो तोडू नका. पश्चिमेचे ऊन कुठलीही झडप अडवणार नाही तेवढे ते अडवतात.

मुलांना सांगा, आराखडा पक्का करण्याआधी एक दिवस जुलैत आणि एक दिवस एप्रिलात, दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत त्या नऊ गुंठ्यांवर खुर्ची टाकून बसा. पाऊस कुठून येतो आणि उन्हामुळे खुर्ची किती वेळा हलवावी लागते ते लिहून ठेवा. तो कागद वास्तुविशारदाला द्या.

प्रश्न : कोल्हापूरच्या ज्या वाचकांचा प्रश्न सुरुवातीला घेतला, त्यांनी पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली आहे: माझी साठी उलटली. जमीन नाही, बांधायचे नाही. मग नुसते बघून काय होणार?

उत्तर : ज्यांच्या तलावाविषयी वर लिहिले, त्या जेफ्री बावांचे सांगतो. ते वकील होते. वकिलीत मन रमेना म्हणून जग हिंडले, इटलीत गार्दा सरोवराकाठी घर घेऊन कायमचे राहायचे त्यांच्या मनात होते. ते जमले नाही. श्रीलंकेत परत येऊन १९४८ मध्ये त्यांनी बेन्तोताजवळ तळ्याकाठची एक ओसाड रबराची बाग विकत घेतली. तिचे नाव लुणुगंगा, म्हणजे खारी नदी. आपल्या लवणाचेच ते लुणु. इटलीतल्या बागा बघून डोळ्यांत जे साठले होते ते इथे उतरवायला गेले आणि लक्षात आले की आपल्याला बांधणे येत नाही. तेव्हा ते शिकायला लंडनला गेले आणि वयाच्या ३८ व्या वर्षी वास्तुविशारद झाले.

मग पन्नास वर्षे, १९९८ मध्ये पक्षाघाताने हात थांबेपर्यंत, ते त्या बागेत काही ना काही बदलत राहिले. घरासमोर दालचिनीची टेकडी होती, तिच्यामुळे पलीकडचे तळे दिसेना. त्यांनी टेकडीचा माथा उतरवला. मधून गावाचा रस्ता जात होता, तो खोल चरात घातला, आता वरून बघणाऱ्याला गवताचा उतार सलग पलीकडे गेलेला दिसतो. टेकडीवर एका झाडाखाली एक मोठा रांजण ठेवला, नजर तिथे टेकावी आणि मग तळ्यापलीकडच्या स्तूपापर्यंत जावी म्हणून. चाफ्याच्या फांद्या हव्या तशा वाकाव्यात यासाठी त्यांना वजने टांगली. बागेत जागोजागी बसायची ठिकाणे केली, ती दिवसाच्या वेळेप्रमाणे: सकाळी एक, दुपारी दुसरे, संध्याकाळी तिसरे. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आवाजाची घंटा, म्हणजे चहा कुठे न्यायचा ते आतल्या माणसांना कळावे.

लुणुगंगेत आज पाहुणे जाऊन राहू शकतात, आणि कधी जमले तर जरूर जा. पण त्या घंटांची गोष्ट तुमच्या दोन खोल्यांनाही लागू आहे. सकाळी सातला ऊन तुमच्या कुठल्या फरशीवर येते, दुपारी तीनला वारा कुठल्या खिडकीतून कुठे जातो, आणि कातरवेळी कुठे बसले की आतला दिवा आणि बाहेरचे निळे आभाळ एकदम दिसतात, हे तुम्ही इतके फोटो बघितल्यामुळे इतरांपेक्षा लवकर ओळखाल. आठवडाभर खुर्ची हलवून बघा. आणि ती शेवटी कुठे ठेवलीत, ते मला कळवा.